अपार्टमेंटची मालकी बदलताना मार्केटिंगचं हँडओव्हर करून देणारी सर्व्हिस: घ्यावी का?

भाड्याने द्यायच्या अपार्टमेंट्सचं मार्केटिंग बघणं हे माझं काम. आमच्या कंपनीने एक चालू कॉम्प्लेक्स विकत घेतलं, म्हणजे भाडेकरू राहतायत, ऑफिस सुरू आहे, वेबसाइट आहे, आणि व्यवहाराच्या दिवशीच जुनी मॅनेजमेंट कंपनी बाहेर आणि आमची टीम आत. यासाठी आम्ही एका एजन्सीची 'टेकओव्हर' सर्व्हिस घेतली होती, त्याचा हा रिव्ह्यू. एजन्सीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. या प्रकारचं काम करणाऱ्या बऱ्याच एजन्सी आहेत आणि तुम्ही कुणाशीही बोललात तरी काय विचारायचं ते यातून कळावं एवढंच मला हवंय.

आधी निकाल सांगते. व्यवहार पूर्ण व्हायच्या आधीचं काम एक नंबर. हँडओव्हरच्या आठवड्यातलं काम खूप चांगलं. नाव आणि ब्रँड बदलायचं काम ठीकठाक, सल्ला चांगला पण डिझाइन साधं. आणि राहत्या भाडेकरूंशी बोलायचा भाग कच्चा, तो आम्हालाच नव्याने करावा लागला. पाचपैकी चार देईन, आणि ते चारही मुख्यतः पहिल्या भागासाठी.

पहिल्याच मीटिंगला आमच्याकडचे लोक लोगो, रंग, नवीन नाव असलं सगळं घेऊन बसले होते. एजन्सीच्या बाईंनी ते शांतपणे बाजूला ठेवायला सांगितलं आणि एक शीट उघडली. रकाने अगदी साधे: अकाउंट कुठलं, कुणाच्या नावावर आहे, लॉगिनचा ईमेल कुणाचा, ओटीपी कुठल्या फोनवर जातो, पैसे कुणाच्या कार्डातून कटतात, रिन्यू कधी आहे. डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवलेली जागा), गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल, फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, ॲनालिटिक्स, जाहिरातींचं अकाउंट, लिस्टिंग साइट्स, फोन नंबर, चॅटबॉट, न्यूजलेटरचं सॉफ्टवेअर, अगदी ड्रोनने काढलेल्या व्हिडिओची मूळ फाइल कुणाकडे आहे इथपर्यंत ओळी. आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त ओळींपुढे विकणाऱ्याकडेही उत्तर नव्हतं! घर घेतलं आणि लाइटचं मीटर जुन्या मालकाच्याच नावावर राहिलं तर काय होतं ते सगळ्यांना कळतं, पण वेबसाइटच्या बाबतीत हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच येत नाही. लोगोपासून सुरुवात म्हणजे आधी कळस मग पाया.

डोमेनचं उदाहरण घ्या. आमच्या केसमध्ये डोमेन मालकाच्याही नावावर नव्हतं आणि मॅनेजमेंट कंपनीच्याही नाही, ते कधीतरी साइट बनवून दिलेल्या डिझायनरच्या अकाउंटमध्ये होतं. घोडं पेंड खातं ते इथेच. डॉट कॉमसारखं डोमेन एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडून, दुसरीकडे न्यायचं तर आधी ते अनलॉक करून त्याचा ऑथ कोड (ट्रान्सफरसाठीचा गुप्त कोड) मिळवावा लागतो, आणि त्यात आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे नोंदणीदाराचं नाव किंवा ईमेल आधी बदललात तर पुढे ६० दिवस डोमेन हलवता येत नाही असं लॉक बसू शकतं. एजन्सीने क्रम लावून दिला: आधी ट्रान्सफर, मग नाव बदल, आणि तेही शक्य नसेल तर जुन्याच रजिस्ट्रारकडे आपलं अकाउंट उघडून त्यात डोमेन सरकवून घ्यायचं. ऐकायला किरकोळ वाटतं पण हा क्रम उलटा झाला असता तर आम्ही दोन महिने दुसऱ्याच्या अकाउंटवर अवलंबून राहिलो असतो.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली ज्यासाठी मी ही सर्व्हिस पुन्हा घेईन. ही सगळी यादी आमच्या वकिलांकडे पाठवून खरेदी करारालाच जोडायला लावली. कारण साधं आहे, पैसे मिळेपर्यंत विकणाऱ्याला आपल्याला मदत करण्यात रस असतो, सही झाली की फोन उचलणाराही कुणी राहत नाही. जुन्या मॅनेजमेंट कंपनीला तर अजिबातच गरज नसते, त्यांचा काँट्रॅक्ट गेलेला असतो, ते कशाला पासवर्ड शोधत बसतील. त्यामुळे 'मार्केटिंगची सर्व अकाउंट्स सहकार्याने दिली जातील' असल्या मोघम वाक्याचा उपयोग शून्य, एकेक अकाउंट नावाने लिहिलेलं पाहिजे, कधी द्यायचं तेही लिहिलेलं पाहिजे.

आता गुगलचं बिझनेस प्रोफाइल. भाड्याने घर शोधणारा माणूस मॅपवर बिल्डिंगचं नाव टाकतो तेव्हा जे उघडतं ते हे, आणि माझ्या मते सगळ्या यादीत सगळ्यात मौल्यवान वस्तू हीच आहे, वेबसाइटपेक्षाही. जुन्या लोकांनी तुम्हाला 'मॅनेजर' म्हणून ॲड केलं म्हणजे झालं असं समजू नका, 'प्रायमरी ओनर' तुमची कंपनी झाली पाहिजे. नवीन ओनर किंवा मॅनेजरला पहिले ७ दिवस काही गोष्टी करता येत नाहीत, जुन्या ओनरला काढणं किंवा प्रायमरी मालकी हलवणं त्यातच येतं, म्हणून एजन्सीने व्यवहाराच्या आधीच आमचा ईमेल ओनर म्हणून ॲड करून घेतला आणि हँडओव्हरच्या दिवशी ते ७ दिवस संपलेले होते. समोरचा सहकार्य करत नसेल तर गुगलकडे ओनरशिपची रिक्वेस्ट टाकता येते, जुन्या ओनरला उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात, आणि त्याने काहीच केलं नाही तर कदाचित क्लेम करता येतं. पण ही शेवटची वाट.

आमच्या साहेबांचा प्रश्न ठरलेला होता की जुने वाईट रिव्ह्यू आमच्या डोक्यावर कशाला, नवीन प्रोफाइल उघडू या. बरेच जण असं करतात. एजन्सीने स्पष्ट नाही म्हटलं आणि मला ते फार आवडलं. बिल्डिंग तीच, पत्ता तोच, लोक तेच, मग दुसरं प्रोफाइल म्हणजे डुप्लिकेट, मॅपवर दोन पिना, कुठला फोन खरा ते कळत नाही, आणि गुगलने डुप्लिकेट म्हणून ते उडवलं तर हातचंही जातं. त्याऐवजी त्यांनी जुन्या तक्रारींची वर्गवारी करून दिली: लिफ्ट, पाणी गळणं, डिपॉझिट परत न मिळणं, ऑफिसात कुणी फोन न उचलणं. आणि ती यादी मार्केटिंगला न देता मेंटेनन्सच्या प्रमुखाला दिली. उत्तरं लिहायची ती काम झाल्यावर, 'अमुक तारखेपासून मॅनेजमेंट बदललंय, लिफ्टचं काम पूर्ण झालंय, तुम्ही अजून इथे राहत असाल तर ऑफिसात या' एवढी साधी. सगळ्यांना एकच कॉपीपेस्ट उत्तर टाकायचं नाही हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी पाळला.

फोन नंबरचा किस्सा सांगितलाच पाहिजे. जुन्या एजन्सीज लिस्टिंगवर जे नंबर टाकतात ते बहुतेक वेळा बिल्डिंगचे नसतातच, कॉल ट्रॅकिंगचे भाड्याचे नंबर असतात, कुठल्या जाहिरातीतून फोन आला ते मोजायला. एजन्सीतली एक मुलगी आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये बसली, प्रत्येक लिस्टिंग, प्रत्येक जुनं ब्रोशर, रस्त्यावरच्या बोर्डाचा फोटो, सगळं समोर ठेवून स्पीकरवर एकेक नंबर लावत गेली आणि कोण उचलतं ते लिहीत गेली. काही नंबर बंद होते. एक वाजत राहिला. आणि एक नंबर जुन्या मॅनेजमेंट कंपनीच्या हेड ऑफिसला लागला, तिथल्या माणसाने अगदी नम्रपणे सांगितलं की ती बिल्डिंग आता आमच्याकडे नाही पण जवळच आमच्या दुसऱ्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट आहेत, पत्ता पाठवू का? रूममध्ये सगळे गप्प. बिल्डिंग आमची, लिस्टिंग आमच्या नावाने, आणि चौकशा चालल्यात दुसरीकडे. यात त्या माणसाचा दोष नाही, तो त्याचं काम करत होता. पण हे आम्हाला कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसलं नसतं, कारण न आलेला फोन मोजता येत नाही. नंतर एजन्सीने काही नंबर आमच्या नावावर करून घेतले आणि बाकीच्यांच्या जागी लिस्टिंगवर नवे टाकले. बोर्डावरचा नंबर मात्र बोर्ड उतरेपर्यंत चालू ठेवायचा हे करारात टाकलं होतं म्हणून वाचलो.

वेबसाइटवरच्या फॉर्मचं पण तेच. हँडओव्हरच्या रात्री त्यांनी स्वतः खोट्या नावाने प्रत्येक फॉर्म भरून बघितला, 'फ्लॅट बघायचाय', 'दुरुस्तीची तक्रार', 'नोकरीसाठी अर्ज' सगळे, आणि ईमेल कुठे पोचतो ते तपासलं. तक्रारीचा फॉर्म जुन्या कंपनीच्या इनबॉक्समध्ये जात होता. म्हणजे कुणाच्या बाथरूममध्ये पाणी गळतंय, तो बिचारा फॉर्म भरून वाट बघतोय, आणि आमच्यापर्यंत काही आलंच नाही, आणि आठवड्याने तो एक स्टारचा रिव्ह्यू टाकणार नव्या मॅनेजमेंटच्या नावाने. याला मार्केटिंग म्हणायचं का मेंटेनन्स? माझ्या मते मार्केटिंगच.

तांत्रिक बाजू त्यांची पक्की आहे. डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदी म्हणजे डीएनएस, त्याचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो वेळ) आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवला होता त्यामुळे साइट नव्या सर्व्हरवर नेल्यावर बदल लगेच दिसला. साइट हलवताना लोक एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणारी नोंद, विसरतात आणि मग त्या डोमेनवरचे ऑफिसचे सगळे ईमेल बंद पडतात, इथे ते आधीच नोंदवून घेतले होते. सर्च कन्सोलमध्ये (साइट गुगल सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं टूल) गुगल १६ महिन्यांपर्यंतचाच डेटा दाखवतं, तो व्यवहाराआधी उतरवून ठेवला. जाहिरातींच्या अकाउंटबद्दल एक गोष्ट मला नव्याने कळली. गुगल ॲड्सचा जुना इतिहास एका अकाउंटमधून दुसऱ्यात नेता येत नाही, त्यामुळे मिळवायचा असेल तर अख्ख्या अकाउंटचाच ॲडमिन ॲक्सेस मिळवायचा. आमच्या बाबतीत जुन्या कंपनीने त्यांच्या सगळ्या बिल्डिंगच्या जाहिराती एकाच अकाउंटमध्ये कोंबल्या होत्या म्हणून ते मिळणं शक्यच नव्हतं, मग निदान कॅम्पेनचे शब्द, जाहिरातींचा मजकूर आणि आकडे एक्सपोर्ट करून घेतले. पुढच्या वेळी आमच्या प्रत्येक बिल्डिंगला वेगळं अकाउंट, हे तेव्हाच ठरलं.

एक गोष्ट फार कमी लोक बोलतात म्हणून जरा जास्त लिहिते. लिस्टिंग साइटवर जे रिकामे फ्लॅट आणि भाडं दिसतं ते बहुतेक ठिकाणी कुणी हाताने टाकत नाही, मॅनेजमेंटच्या सॉफ्टवेअरमधून फीडने आपोआप जातं. मॅनेजमेंट बदललं की सॉफ्टवेअर बदलतं, आणि सॉफ्टवेअर बदललं की फीड तुटते. मग एकतर लिस्टिंगवर 'सध्या फ्लॅट उपलब्ध नाही' येतं किंवा त्याहून वाईट म्हणजे जुनं भाडं तसंच गोठून बसतं, माणूस ते बघून येतो आणि ऑफिसात वेगळा आकडा ऐकतो, मग तो आपल्याला लबाडच समजणार ना. एजन्सीने या मधल्या काळासाठी प्रत्येक लिस्टिंग हाताने भरली, एक माणूस रोज सकाळी ऑफिसला फोन करून रिकाम्या फ्लॅटची यादी घ्यायचा आणि सगळीकडे तीच टाकायचा. नवी फीड सुरू झाल्यावरही लगेच सोडून दिलं नाही, काही दिवस ताळा करत राहिले, कारण वन बीएचकेच्या फोटोंखाली टू बीएचकेचं भाडं असले घोळ तेव्हाच सापडतात.

फोटोंच्या बाबतीतही चांगला सल्ला मिळाला. साइटवरचे फोटो बिल्डिंगसोबत विकत मिळतात असं आपण गृहीत धरतो पण हक्क फोटोग्राफरचे किंवा जुन्या मॅनेजमेंटचे असू शकतात, लेखी परवानगी नसेल तर वापरू नका. आम्ही नवे काढून घेतले. एजन्सीने कॉम्प्युटरवर बनवलेली नव्या जिमची चित्रं 'प्रस्तावित' असं न लिहिता टाकायला ठाम नकार दिला, आमच्याच विक्रीच्या लोकांशी वाद घातला त्यावरून. एजन्सी क्लायंटला नाही म्हणते हे मला तरी भरवशाचं लक्षण वाटतं.

नावाचं काय. त्यांचं म्हणणं होतं की पहिल्या दिवशी नाव बदलू नका, आणि मला ते पूर्ण पटलं. जुनं नाव बदनाम असेल तर उलट जास्तच थांबायला पाहिजे. नवं चकचकीत नाव लावलं आणि लिफ्ट तशीच बंद असेल तर नवं नावही महिन्याभरात खराब होणार, मग तिसरं नाव कुठून आणणार? आधी दोन-चार दिसणारी कामं पूर्ण करा, मग बोर्ड बदला. अर्थात कधीकधी नाव विकणाऱ्याच्या ब्रँडचं असतं आणि ते तुम्हाला वापरताच येत नाही, अशा वेळी मधल्या काळापुरती परवानगी करारातच मागून घ्यायची. आम्ही नंतर बदललं तेव्हा जुन्या साइटचं प्रत्येक पान नव्या साइटवरच्या त्याच विषयाच्या पानाकडे ३०१ रीडायरेक्टने (जुना पत्ता उघडला की कायमचं नव्यावर नेणारी सोय) वळवलं, सगळं होमपेजवर फेकलं नाही. हे रीडायरेक्ट किमान १ वर्ष ठेवा असं गुगल सांगतं, एजन्सी म्हणाली जुनं डोमेन सोडूच नका, दुसऱ्या कुणी घेतलं तर जुन्या नावावर काय चालवेल सांगता येत नाही. सर्च कन्सोलमधून पत्ता बदलल्याचं कळवायची सोय आहे, तीही वापरली. नव्या बोर्डाखाली बारीक अक्षरात जुनं नाव ठेवलं कारण पार्सलवाले आणि पाहुणे तेच विचारत येतात. लोगो मात्र खास नाही. चालून जातो.

आता जिथे एक पॉइंट कापला तो भाग. राहते भाडेकरू. एजन्सीचं सगळं लक्ष नव्या चौकशांवर, आणि जे लोक आधीच भाडं भरतायत, ज्यांचा करार पुढे रिन्यू व्हायचाय, त्यांच्यासाठी एक तयार टेम्प्लेट. तेही आलं हँडओव्हर झाल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडं. तोपर्यंत लोकांना गेटवरच्या सिक्युरिटीकडून बातमी कळली होती आणि त्यांच्या ग्रुपवर भाडं दुप्पट होणार, सगळ्यांना काढणार असल्या अफवा सुरू झाल्या होत्या. पत्रात काय, तर 'एका नव्या पर्वाची सुरुवात' आणि 'उत्कृष्टतेची बांधिलकी'. अहो, माणसाला हे नको असतं! त्याला चार गोष्टी हव्या असतात: भाडं कधीपासून कुठे भरायचं, डिपॉझिट सुरक्षित आहे का आणि आता कुणाकडे आहे, माझा चालू करार तसाच आहे ना, आणि नळ बिघडला तर फोन कुणाला करायचा. आम्ही ते पत्र फाडून नवीन लिहिलं, ही चार उत्तरं पहिल्या पानावर, खाली माणसाचं नाव आणि चालू असलेला नंबर.

याला दुसरी गंभीर बाजू आहे. मालकी बदलायच्या काळात फसवणूक करणारे लोक 'आम्ही नवीन मालक, भाडं आता या खात्यात भरा' अशी पत्रं किंवा मेसेज पाठवू शकतात, आणि गोंधळलेल्या भाडेकरूला खरं-खोटं ओळखता येत नाही. म्हणून बँक खात्याचा बदल जुन्या आणि नव्या दोघांच्या सहीच्या पत्राने कळवायचा, तेच ऑफिसच्या दारावर लावायचं, आणि शंका असेल तर ऑफिसात येऊन विचारा असं त्यातच लिहायचं. हे एजन्सीने सुचवायला हवं होतं, सुचवलं आमच्या लीजिंग ऑफिसमधल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने, जी मॅनेजमेंट बदलल्यावरही कामावर राहिली होती. अशा माणसांना धरून ठेवा, भाडेकरूंच्या दृष्टीने तीच बिल्डिंगचा चेहरा असतात.

ईमेल यादीच्या बाबतीत मात्र एजन्सी काटेकोर होती. जुनी यादी मिळाली म्हणून सरसकट मेल पाठवायचे नाहीत, ज्यांनी आधी 'मला पाठवू नका' म्हटलंय त्यांची यादीही सोबत मागून घ्यायची, आणि डेटा हस्तांतराला तुमच्याकडच्या कायद्यात काय परवानगी लागते ते वकिलाकडून बघून घ्यायचं.

रिपोर्टिंगबद्दल थोडंच. व्यवहाराआधीचे आकडे त्यांनी नोंदवून ठेवले होते, चौकशा किती, कुठून, बघायला किती आले, करार किती झाले, त्यामुळे नंतर तुलना करता आली. सुरुवातीला चौकशा कमी झाल्या, ते तसं होणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून कुणी घाबरून जाहिरातीवर पैसे ओतले नाहीत. रिन्यूअलचे आकडे रिपोर्टमध्ये नव्हते, मागितल्यावर घातले.

कुणी घ्यावी? एकच छोटी इमारत असेल, साइट नाही, सगळ्या चौकशा ओळखीतून येत असतील तर गरज नाही, वरची शीट स्वतः भरा. फक्त मॅनेजमेंट कंपनी बदलताय आणि मालक तुम्हीच आहात तर सर्व्हिस घ्या किंवा नका घेऊ, पण सगळी अकाउंट्स मालकाच्या कंपनीच्या ईमेलवर आणा आणि मॅनेजमेंटला फक्त काम करण्यापुरता ॲक्सेस द्या. चालू कॉम्प्लेक्स विकत घेत असाल तर जरूर घ्या, आणि करारावर सही व्हायच्या कितीतरी आधी घ्या, नंतर घेतलीत तर यातला निम्मा फायदा गेला. एजन्सीला मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: हँडओव्हरच्या संध्याकाळी फोनवर नेमकं कोण असणार, फोन नंबर आणि फॉर्म तुम्ही स्वतः तपासणार का, आणि भाडेकरूंचं पत्र कधी तयार होणार. तिसऱ्याला 'टेम्प्लेट आहे आमच्याकडे' असं उत्तर आलं तर तेवढा भाग स्वतःकडे ठेवा. आमची पुढची खरेदी ठरली तर हीच एजन्सी घेऊ, पत्रं मात्र आमच्या लीजिंग ऑफिसमध्येच लिहिली जातील.